धरायला धागा

रावेर-यावलच्या पट्ट्यात एखाद्या केळीवाल्याला ‘टिश्यू म्हणजे काय हो?’ असं विचारलं, तर तो म्हणेल, ‘रोप.’ ‘यंदा कंद की टिश्यू?’ हा तिथला लागवडीच्या दिवसांतला पहिला प्रश्न. मृगबागेला टिश्यू लावतात, कांदेबागेला टिश्यू लावतात, टिश्यूची बाग एकसारखी निसवते म्हणून कटणीही लवकर आटोपते. जळगावात हा शब्द जीवशास्त्राच्या पुस्तकातून आला नाही. 1990च्या दशकात जैन इरिगेशनने ग्रँड नैन जातीची ऊतिसंवर्धित रोपं शेतकऱ्यांच्या हाती दिली, तेव्हा तो प्लास्टिकच्या पिशवीतल्या चार-सहा पानांच्या रोपासोबत आला आणि तिथल्या काळ्या मातीत रुजला. ‘ऊती’ हा त्याचा मराठी प्रतिशब्द मात्र अजून शाळेच्या पुस्तकाबाहेर फारसा पडलेला नाही.

ते रोप तयार कसं होतं हे एकदा बघण्यासारखं आहे. केळीच्या कंदाच्या टोकाला, पानांच्या आवरणांखाली, वाढीचा इवलासा कोंब दडलेला असतो. तो निर्जंतुक करून काचेच्या बाटलीत अगारच्या मऊ थरावर ठेवतात. अगारात साखर, क्षार, जीवनसत्त्वं आणि संप्रेरकं कालवलेली असतात. या मिश्रणाची मूळ कृती मुराशिगे आणि स्कूग या दोघांनी 1962 साली तंबाखूच्या ऊतींसाठी प्रसिद्ध केली आणि आजही जगभरच्या प्रयोगशाळा त्यांचं नाव घेऊनच बाटल्या भरतात. एका कोंबाचे अनेक कोंब होतात, ते सोडवून नव्या बाटल्यांत जातात, मग मुळं फुटण्यासाठी वेगळं खाद्य, मग शेडनेटखाली हार्डनिंग, म्हणजे बाहेरच्या हवेची सवय, आणि शेवटी शेत.

आता हे सगळं पाहून आलेल्या एखाद्या चौकस पोराने विचारलं, की केळीच्या कोंबापासून अख्खी बाग उठते, तर भाजलेल्या माणसाची कातडी अशीच बाटलीत का वाढवत नाहीत, तर त्याला उडवून लावू नये. प्रश्न नेमका आहे. त्याच्या उत्तराचा अर्धा भाग सगळ्यांना ठाऊक असतो: वनस्पतीच्या पेशी मोठ्या झाल्या तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करू शकतात, आपल्या पेशी एकदा कामाला लागल्या की सहसा मागे फिरत नाहीत. उत्तराचा दुसरा अर्धा भाग पुस्तकांत क्वचित येतो, आणि तोच या प्रकरणाचा विषय आहे. आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशींना जगण्यासाठी अन्न आणि प्राणवायू तर लागतोच, पण धरायलाही काहीतरी लागतं.

रक्तातल्या पेशींचा अपवाद सोडला, तर निरोगी पेशी आधारापासून सोडवून नुसत्या द्रवात तरंगत ठेवली की काही काळाने ती स्वतःच स्वतःचा शेवट करून घेते. भोवती खाद्य भरपूर असलं तरीही. 1994 साली फ्रिश आणि फ्रान्सिस या शास्त्रज्ञांनी या मरणाला नाव दिलं ‘अनोइकिस’. शब्द ग्रीक, अर्थ साधारण ‘बेघरपण’. विज्ञानातली नावं बहुधा रुक्ष असतात. हे नाव ठेवताना मात्र दोघांना थोडं भरून आलं असावं, असं वाटतं.

पेशीला धरायला काय आवडतं, याचा पहिला छडा लागला तो कोळ्याच्या जाळ्यावर. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात रॉस हॅरिसन बेडकाच्या भ्रूणातल्या पेशी शरीराबाहेर जिवंत ठेवण्याच्या खटपटीत होते. नुसत्या द्रवात पेशी गोळा होऊन बसत. काच मिळाली तर तिच्यावर पसरत. 1911च्या सुमारास हॅरिसन यांनी एका चौकटीवर कोळ्याच्या जाळ्याचे धागे ताणले आणि त्यांवर पेशी सोडल्या. पेशी लांबट झाल्या आणि एकेका धाग्याला धरून सरकू लागल्या, जशी गिलक्याची वेल सुतळी सापडली की तिच्याच अंगाने मांडवावर चढते. धागा वळला की पेशीही वळे. आज ‘नॅनोतंतूंचा सांगाडा’ म्हणून जे लाखो रुपयांच्या उपकरणांवर बनतं, त्याचा पणजोबा म्हणजे हे जळमट.

आपल्या शरीरात हा मांडव मुळातच असतो. कातडीच्या वरच्या पातळ थराखाली जो जाड, चिवट थर असतो, तो मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचा विणलेला असतो. कोलॅजेनचा रेणू तीन पदरी दोरासारखा वळलेला असतो, हे मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी 1954-55 साली दाखवलं. क्ष-किरणांची चित्रं घ्यायला त्यांना शुद्ध कोलॅजेन हवं होतं. ते शेजारच्या केंद्रीय चर्मसंशोधन संस्थेतून मिळालं, आणि तेही कांगारूच्या शेपटीतल्या स्नायुबंधाचं! भारतातल्या जीवभौतिकीची सुरुवात सांगताना ही शेपटी वगळून चालत नाही. असे अनेक दोर एकत्र येऊन जो तंतू होतो, त्याची जाडी साधारण 50 ते 500 नॅनोमीटर. माणसाचा केस सुमारे 70 हजार नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज करावा.

कातडी खोलवर भाजली की हा मांडवच जळून जातो. वरवरचं भाजलं असेल तर केसांच्या मुळाशी उरलेल्या पेशी वर येतात आणि जखम झाकतात. मुळंही गेली असतील तर कडेकडेने थोडी कातडी सरकते आणि मधला भाग व्रणाने आकसतो. बोटं वाकडी होतात, मान छातीला जखडते. 1975 साली र्‍हाइनवाल्ड आणि ग्रीन यांनी माणसाच्या वरच्या त्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत भरपूर वाढवण्याची रीत शोधली. पुढे मोठ्या प्रमाणात भाजलेल्या रुग्णांवर असे पातळ पापुद्रे लावलेही गेले. त्यांची अडचण अशी, की खाली मांडव नसेल तर पापुद्रा सहज फाटतो, फोड धरतो. बॉस्टनमध्ये शल्यविशारद जॉन बर्क आणि अभियंते आयोनिस यानास यांनी उलट बाजूने सुरुवात केली. गाईच्या कातड्यातलं कोलॅजेन आणि शार्कच्या कूर्चेतला एक पदार्थ यांचा सच्छिद्र थर त्यांनी बनवला, वर सिलिकॉनचा पडदा घातला आणि 1981 साली त्याचे रुग्णांवरचे निष्कर्ष मांडले. यात पेशी एकही नव्हती. पेशी रुग्णाच्याच, खालून वर चढणाऱ्या. दिला तो फक्त मांडव.

खानदेशात तंतू म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. कपाशी वेचली की जिनिंगला जाते, सरकी आणि रुई वेगळी होते, रुईच्या गासड्या बांधल्या जातात. जळगावची खानदेश मिल, अमळनेर आणि धुळ्याच्या प्रताप मिल यांच्या भोंग्यांवर एकेकाळी अख्ख्या गावाचा दिवस चाले. टकळीवर सूत काढणाऱ्याला हेही माहीत असतं, की पेळूतून धागा किती बारीक निघेल हे सगळं ओढण्यावर असतं. हात सावकाश वर गेला, पीळ नीट बसला तर सूत बारीक. घाई केली तर तुटतं. पण कितीही कसबी हात असला तरी कापसाच्या एका तंतूपेक्षा बारीक सूत निघणार नाही, आणि तो एक तंतूच 12 ते 20 मायक्रोमीटर, म्हणजे 12 ते 20 हजार नॅनोमीटर जाड. कोलॅजेनच्या तंतूपुढे तो नाडा आहे.

त्याहून बारीक कातायचं तर ओढणारा हात विजेचा हवा. विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्याने 1600 साली एक गंमत नोंदवली होती: घासलेला अंबर पाण्याच्या थेंबाजवळ नेला की थेंबाला टोक फुटतं, तो शंकूसारखा उभा राहतो. 1902 साली अमेरिकेत अशा विद्युत कताईची पहिली पेटंटं निघाली. 1934 साली अँटोन फॉर्महाल्स यांनी त्यात आणखी सुधारणा केली. थेंबाचा शंकू नेमका कोणत्या कोनाचा होतो याचं गणित जी. आय. टेलर यांनी 1964 साली सोडवलं. त्याचा अर्धकोन 49.3 अंशांचा, आणि तो शंकू आजही ‘टेलर शंकू’ म्हणूनच ओळखला जातो. एवढं होऊनही ही कला अडगळीतच पडून होती. 1990च्या दशकात अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन विद्यापीठात डॅरेल रेनेकर यांनी ती पुन्हा बाहेर काढली आणि तिचं ‘इलेक्ट्रोस्पिनिंग’ हे नाव रूढ केलं.

मांडणी फार अवघड नाही. इंजेक्शनची सिरिंज, ती अगदी हळू दाबणारा पंप, 10 ते 25 हजार व्होल्टचा पुरवठा आणि समोर वीतभर अंतरावर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल. सिरिंजमध्ये पॉलिमरचं द्रावण: कधी पॉलिकॅप्रोलॅक्टोन, कधी जिलेटिन, कधी कोळंबीच्या कवचातून काढलेलं कायटोसान. सुईच्या टोकाशी थेंब जमतो, विद्युतभाराने त्याचा शंकू होतो, शंकूच्या टोकातून एक धार सुटते. ही धार थोडी सरळ जाते आणि मग चाबकासारखी फटकारे मारत गरगरू लागते, कारण तिच्यावरचे सजातीय भार एकमेकांना दूर लोटत असतात. त्या फटकाऱ्यांतच ती ताणली जाते, द्रावक उडून जातो आणि फॉइलवर कोरडा तंतू पडतो. डोळ्याला तंतू दिसत नाही. दिसतं ते फॉइलवर हळूहळू धरणारं पांढुरकं सायीसारखं पटल.

आकडा मांडून पाहावा. द्रावणात दहा टक्के पॉलिमर आहे आणि तंतू 500 नॅनोमीटरचा निघतो असं धरलं, तर एक मिलीलिटर द्रावणातून जवळपास 500 किलोमीटर तंतू निघतो. जळगाव स्टेशनातून निघाला तर मुंबई गाठून पुढे समुद्रात जाईल इतका. आणि एक मिलीलिटर संपायला साधारण तासभर लागतो. टकळीवाल्याने कपाळाला हात लावावा!

प्रत्यक्षात मात्र हे काम हवामानाच्या मर्जीवर चालतं. मे महिन्यात, पारा 45च्या घरात आणि हवा कोरडी ठणठणीत असताना, द्रावक सुईच्या टोकाशीच उडून जातो, थेंबावर साय धरते आणि सुई तुंबते. ओला फडका घेऊन ती दर काही मिनिटांनी पुसत बसायची. आषाढात उलट तऱ्हा. हवेत दमटपणा असतो, पाण्यात विरघळवलेला पॉलिमर वाळतच नाही, तंतू एकमेकांना चिकटतात किंवा माळेत मणी ओवावेत तशा गाठी धरतात. शोधनिबंधात ‘आर्द्रता नियंत्रित ठेवली’ असं एक वाक्य असतं. त्या वाक्यामागे किती फडके वाळत घातलेले असतात ते लिहीत नाहीत.

एवढी यातायात बारीक तंतूसाठी, पण बारीकपणावर भागत नाही. 2006 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डेनिस डिशर, अ‍ॅडम एंग्लर आणि सहकाऱ्यांनी मूलपेशी वेगवेगळ्या कडकपणाच्या जेलवर ठेवल्या. खाद्य तेच, पेशी त्याच. मेंदूइतक्या मऊ जेलवर, म्हणजे एक किलोपास्कलच्या आत, पेशींना चेतापेशींसारखे फाटे फुटू लागले. स्नायूइतक्या, 8 ते 17 किलोपास्कलच्या जेलवर त्या स्नायूच्या वाटेने गेल्या. 25 ते 40 किलोपास्कलवर हाडाच्या. पेशीला डोळे नाहीत, मग तिने ओळखलं कसं? ती ओढून बघते. विहिरीवर नवा दोर बांधला की पोहरा सोडण्याआधी माणूस त्याला दोन हिसके देतो, तसं पेशी आतल्या स्नायुप्रथिनांनी तंतूला हिसके देते आणि तंतू किती ताणला जातो त्यावरून काय व्हायचं ते ठरवते. हे ओढणारं प्रथिन एका औषधाने थांबवलं, तेव्हा पेशींना मऊ-कडक काही कळेनासं झालं. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला किलोपास्कल शिकावे लागतात आणि भौतिकीच्या विद्यार्थ्याला पेशी, ते या कारणाने. जळगावच्या विद्यापीठात, म्हणजे 1990 साली स्थापन झालेल्या आणि 2018पासून बहिणाबाईंचं नाव लावणाऱ्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात, ‘उमवि’त, किंवा धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरच्या आर. सी. पटेल औषधनिर्माणशास्त्र संस्थेत शिकणाऱ्या मुलांपुढे नोकरीच्या जाहिरातींत आता ‘बायोफिजिक्स’ आणि ‘बायोमटेरियल्स’ हे शब्द येतात. घरी त्यांचा अर्थ सांगताना मात्र पंचाईत होते. ‘भौतिकशास्त्र की डॉक्टरकी?’ असा सवाल येतो, आणि दोन्ही उत्तरं अर्धीच खरी असतात.

महाराष्ट्रातलं जवळचं उदाहरण पुण्याचं. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अनुया निसळ यांनी रेशमातल्या फायब्रॉइन या प्रथिनापासून सच्छिद्र सांगाडे बनवले आणि त्या कामातून ‘सेरिजेन’ ही कंपनी उभी राहिली. हाडातली पोकळी भरायची, तर तिथे पेशींना शिरायला भोकं हवीत आणि अंगावर भार घेण्याइतका कणखरपणाही हवा. साडीचं रेशीम तेच, वापर वेगळा.

धरायला काहीतरी लागतं या नियमात न बसणाऱ्या यीस्टचं नाव मात्र इथवर आलं नाही. खरं म्हणजे ती खानदेशातल्या प्रत्येक घरात आहे. उन्हाळ्यात बिबड्यांसाठी, म्हणजे खानदेशी पापडांसाठी, ज्वारी भिजत घालतात. दोन-तीन दिवसांत पाण्यावर फेस धरतो, आंबूस वास ओट्यावरून अंगणापर्यंत जातो, आणि शेजारीण न विचारता ओळखते की यांच्याकडे उद्या बिबडे. त्या आंबण्यात जिवाणूंबरोबर यीस्टचाही वाटा असतो. सातपुड्याच्या बाजूला पावरा-भिल्ल वस्त्यांत मोहाच्या फुलांची दारू होते तीही फुलांतली साखर यीस्ट खाते म्हणूनच. हलवाई जिलबीच्या पिठातल्या फेसाला खमीर म्हणतो, बेकरीवाला ‘ईस्ट’ म्हणतो.

यीस्टला धरायला काही लागत नाही. ती एकटी, द्रवात तरंगती, मजेत असते, कारण तिच्याभोवती स्वतःची भिंत आहे आणि आत दाब आहे: मोटारीच्या टायरात असतो तेवढा, कदाचित त्याहून थोडा जास्तच. आपल्या पेशीला अशी भिंत नाही. आणि तरीही, आपल्या पेशीचं आतलं यंत्र समजून घ्यायला शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं यीस्टकडेच जातात. तिला आपल्यासारखंच केंद्रक आहे. 1996 साली केंद्रक असलेल्या जिवांपैकी जिचा जनुकसंच सर्वांत आधी पूर्ण वाचला गेला ती हीच, सुमारे सहा हजार जनुकांची. पेशी विभागते कधी आणि थांबते कधी हे यीस्टवर शोधणाऱ्या लेलंड हार्टवेल आणि पॉल नर्स यांना 2001चं नोबेल मिळालं. नर्स आणि मेलनी ली यांनी 1987 साली दाखवलं होतं, की यीस्टचं विभाजन चालवणारं जनुक बिघडलं तर त्या जागी माणसाचं जनुक बसतं आणि काम सुरू होतं. एक अब्ज वर्षांचं अंतर, आणि सुटा भाग तोच!

भौतिकीवाल्यांनी यीस्टला हात लावला तेव्हा वेगळंच काही सापडलं. 2004 साली कॅलिफोर्नियात अँड्र्यू पेलिंग, जेम्स गिम्झेव्स्की आणि सहकाऱ्यांनी अणुबल सूक्ष्मदर्शकाची सुई जिवंत यीस्टच्या भिंतीवर टेकवली. भिंत थरथरत होती. वर-खाली अवघे तीन नॅनोमीटर, पण सेकंदाला 800 ते 1600 वेळा. हा वेग ऐकू येण्याच्या पट्ट्यात येतो. सुईची हालचाल ध्वनीत बदलली तेव्हा एक उंच सूर मिळाला. ऊब वाढवली की सूर चढे. पेशीचा श्वास रोखणारं विष घातलं की सूर गप्प. आतली रेण्वीय यंत्रं एका लयीत चालत असावीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. बिबड्यांच्या पातेल्यात कोट्यवधी तानपुरे लागलेले असतात असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल, पण मोह आवरत नाही. पुढे 2009 साली बेल्जियममध्ये असाच सुईचा प्रयोग करून दाखवलं गेलं, की यीस्टच्या भिंतीत रोवलेलं एक प्रथिन स्प्रिंगसारखं ताणलं जातं आणि भिंतीवर ताण आला की आत खबर देतं. म्हणजे हिसका ओळखण्याची कला यीस्टकडेही आहे, भिंतीआडून.

आणि एका प्रसंगी तीही आधार धरते. साखर कमी पडली की. अमेरिकेत टॉड रेनल्ड्स आणि जेराल्ड फिंक यांनी 2001 साली दाखवलं, की खाद्यातली साखर घटवली तर बेकरीतली साधी यीस्ट प्लास्टिकला घट्ट चिकटून बसते, त्यासाठी एक खास चिकट प्रथिन बाहेर काढते. सुबत्तेत तरंगणारी, उपासात पाय रोवणारी.

जखमेशी यीस्टचं नातं मात्र कारखान्यातून जुळलं. जखम झाली की रक्तातल्या बिंबिका एक प्रथिन सोडतात, ते जखमेच्या भोवतालच्या पेशींना साद घालतं: या, आणि कोलॅजेन विणायला घ्या. मधुमेह्यांच्या पायाच्या जखमेत ही साद क्षीण पडते. हे प्रथिन रक्तातून गोळा करणं परवडणारं नाही. म्हणून माणसाचं जनुक बेकरीच्याच यीस्टमध्ये बसवलं गेलं आणि टाकीत आंबवून ते प्रथिन काढलं गेलं. 1997च्या डिसेंबरात अमेरिकेत त्याच्या मलमाला परवानगी मिळाली. औषध महाग. शिवाय 2008 साली कर्करोगाच्या शंकेने त्यावर चौकटीतला इशारा छापला गेला, दहा वर्षांनी तो काढला. आणि एक साधी अडचण होतीच: जखमेतल्या स्रावात प्रथिनं तोडणारी विकरं एवढी असतात, की सकाळी लावलेलं संध्याकाळपर्यंत फारसं उरत नाही.

इथे तंतू आणि यीस्ट यांची गाठ पडते. सुईत सुई घालून, म्हणजे आत एक द्रावण आणि बाहेर दुसरं अशी दुपदरी धार काढली, तर तंतूच्या पोटात औषध आणि वर पॉलिमरचं सालपट असा धागा निघतो. सालपट विरघळेल तसं प्रथिन थोडं थोडं बाहेर येतं, आणि ज्या पेशीला ते बोलावतं तिला उभं राहायला तोच धागा मिळतो. कल्पना सुरेख आहे. घोडं अडतं ते खोलीवर. असं पटल इतकं दाट पडतं, की तंतूंमधल्या फटी पेशीपेक्षा लहान राहतात. पेशी वरवर पसरते, आत शिरत नाही. शिरली तरी रक्तवाहिनीपासून पाव मिलिमीटरही दूर गेली की तिला प्राणवायू पुरत नाही. म्हणून कोणी तंतूंबरोबर मिठाचे कण पेरून नंतर धुऊन काढतं, कोणी फॉइलऐवजी पाण्यात तंतू गोळा करून कापसासारखं फुललेलं पटल मिळवतं. पिंजाऱ्याचं काम नव्याने शिकणं म्हणा.

या सगळ्या धाग्यादोऱ्यांच्या गर्दीत मुंबईचा एक प्रयोग आठवावा असा आहे, कारण तो बरोबर उलट्या टोकाचा आहे. जखमेवर चिकटलेलं कापड सोडवताना नवी कातडीही निघून येते आणि रुग्णाच्या किंकाळ्या वॉर्डभर ऐकू जातात. 1985 साली मुंबईतच डॉ. केसवानी आणि पाटील यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी भाजलेल्या जखमेवर वापरून पाहिली होती. नंतर शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे आणि अकोलेकर यांनी निर्जंतुक केलेलं केळीचं पान घेतलं. 2003 साली ‘बर्न्स’ या नियतकालिकात त्यांचे निष्कर्ष आले: वरवरच्या भाजण्यात केळीचं पान बटाट्याच्या सालीइतकंच उपयोगी, आणि तिच्याहून कितीतरी पट स्वस्त. पानावर निसर्गाचं मेण असतं. ते जखमेला चिकटत नाही, गार लागतं, ओल धरून ठेवतं. सोडवताना त्रास नाही. जळगावात कटणीनंतर बांधावर ज्या पानांचे ढीग पडतात, तीच ही पानं.

पान काहीच धरू देत नाही म्हणून चालतं, तंतू धरू देतो म्हणून चालतो. यात विरोध नाही. पानाखाली केसांची मुळं शाबूत असतात, शरीराचा मांडव जागेवर असतो, त्याला फक्त झाकण हवं असतं. मांडवच जळाला असेल तिथे पानाचा उपयोग नाही. भाजलेला माणूस दवाखान्यात आला की सगळ्यात आधी खोली बघतात ती त्यासाठी. महागडी नॅनोपट्टी वरवरच्या भाजण्यावर लावणं म्हणजे उंदीर मारायला तोफ, आणि उलट चूक तर त्याहून वाईट.

तंतूचा आणखी एक दोष आहे. त्याला धरून कोण येईल हे तो निवडू शकत नाही. कॅन्डिडा ही यीस्टचीच चुलतबहीण, आपल्या तोंडात आणि कातडीवर गुण्यागोविंदाने राहते. मधुमेह्याच्या जखमेत मात्र ती माजते. पृष्ठभागाला टेकली की ती गोलाची लांब होते, तिला तंतू फुटतात, आणि हे तंतू खाचेच्या किंवा उंचवट्याच्या अंगाने वळत जातात. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनच्या शास्त्रज्ञांनी 1990च्या दशकात हे मुद्दाम खाचा पाडलेल्या पृष्ठभागांवर तपासलं आहे. हॅरिसनच्या पेशी कोळ्याच्या जाळ्यावर करत होत्या तेच.

म्हणून नव्या पट्टीची परीक्षा जोडीने घेतात. द्रावणात चांदीचे सूक्ष्म कण किंवा बुरशीवरचं औषध मिसळून पटल काढायचं आणि एकाच फॉइलवरून पंचिंग मशीनने नखाएवढ्या चकत्या पाडायच्या. एक चकती कॅन्डिडाच्या बशीत, दुसरी माणसाच्या त्वचापेशींच्या. चांदी कमी पडली तर पहिल्या बशीत सकाळी पांढरे ठिपके दाटतात. चांदी जास्त झाली तर दुसऱ्या बशीत घातलेला पिवळा रंग पिवळाच राहतो, कारण त्याला जांभळं करायला जिवंत पेशीच उरलेल्या नसतात. मग प्रमाण बदलायचं, सुई पुसायची आणि पुन्हा सिरिंज भरायची.